हाकेला ओ द्यायची नाही

त्या खोलीत फरशीवर एक निळी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीच्या पुढे टेबल, पेशंटची खुर्ची, मॅडमची खुर्ची आणि स्टँडवर कॅमेरा. पट्टीच्या मागे भिंतीला लागून एक बाक. पेशंटबरोबर आलेल्या घरच्या माणसाने त्या बाकावर बसायचं आणि काम चालू असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम होता. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. फरशी पुसून पुसून पट्टीच्या कडा सुटायच्या. मग जुनी खरवडून नवी लावायची, ते काम माझं.

मी तिथे मावशी होते. झाडणं, पुसणं, चहा करणं, पेशंटला रिक्षातून उतरवून हाताला धरून जिना चढवणं. लॅब विद्यापीठाची होती. लकवा मारल्यावर काही माणसांची वाचा जाते. हातपाय हळूहळू चालायला लागतात, पण बोलणं येत नाही. त्याला वाचाघात म्हणतात. गेलेली वाचा परत कशी येते, किती येते, हे तिथे शोधायचे. सगळ्यांच्या वर मोठ्या मॅडम होत्या. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या लहान मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. पेशंटबरोबर रोज बसायच्या त्या लहान मॅडम.

त्यांनीच मला आत बसायला सांगितलं. "मावशी, पेशंटला मधेच पाणी लागतं, तोंड पुसावं लागतं. तुम्ही आतच थांबत जा. आणि तुम्ही बोलत नाही, हे फार चांगलं आहे."

माझं न बोलणं कुणाला चांगलं वाटलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. सासूबाई हयात असताना आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सूनबाईला बोलायचे पैसे पडतात." शाळेतही तेच होतं. उभी राहून वाच म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. बाईंना वाटायचं हिला वाचताच येत नाही. चौथीनंतर वडिलांनी फुलं तोडायला घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. झेंडूच्या वाफ्यात कुणी उभं राहून वाच म्हणत नाही.

लॅबमध्ये मात्र मला कधी परकं वाटलं नाही. तिथे सगळेच माझ्यासारखे होते, शब्द आत असून बाहेर न येणारे. एक रिटायर मास्तर यायचे, ते प्रत्येक गोष्टीला "हो ना, हो ना" म्हणायचे. नाही म्हणायचं असलं तरी "हो ना"च, फक्त मान आडवी हलवायची. मंडईत मेथी-कोथिंबीर विकणारी एक बाई यायची. तिला कपाचा फोटो दाखवला तर कप म्हणता येत नव्हतं, पण पेन खाली पडलं की तोंडातून खणखणीत शिवी निघायची. लहान मॅडमचे कान लाल व्हायचे. "काकू, एवढं छान बोलता, मग कप म्हणायला काय झालं?" त्या हसून विचारायच्या, आणि ती बाई डोळ्यांना पदर लावून हसता हसता रडायची.

सातपूरचे काका आले ते उन्हाळा सरताना. कंपनीत प्रेसच्या मशीनवर काम करून रिटायर झालेले, उंच, हाडापेराने मोठे. उजवा हात पोटाशी दुमडलेला. बरोबर बायको. मूळची माणसं नामपूरकडची. पहिल्या दिवशी मुलगा सोडायला आला होता. त्याने खालीच कागद भरले, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, आणि पाळीला उशीर होतो म्हणून मोटरसायकलवर बसून गेला. त्यानंतर तो आला नाही. नवरा-बायको दोघं बसनेच यायचे.

मी इथे नावं लिहिणार नाही. कुणाचीच नाही. ज्या नावाबद्दल हे सगळं आहे, ते तर नाहीच. ते माझं नव्हे.

लॅबची एक पद्धत होती. प्रत्येक पेशंटसाठी घरचे म्हणून थोडे शब्द निवडायचे. पाणी, चहा, चप्पल, औषध, आणि घरातल्या माणसांची नावं. त्या सगळ्यांचे फोटो काढून कार्डं करायची आणि तेच शब्द महिनोन्‌महिने घोटून घ्यायचे. काकांच्या कार्डांत बायकोचा फोटो होता. लॅबच्या दारातच मोबाइलवर काढलेला, डोक्यावर पदर, उन्हाने डोळे बारीक केलेले.

कार्डांच्या पहिल्या दिवशी मॅडमनी एकेक कार्ड समोर धरलं. कप. काका ओठ हलवत राहिले. सायकल. त्यांनी डाव्या हाताने घंटी वाजवल्यासारखं केलं, पण शब्द नाही. बस. नाही. मग बायकोचा फोटो. काकांनी फोटोकडे पाहिलं, आणि मान वळवून मागे बाकाकडे बघत एक नाव घेतलं. घेतलं म्हणजे हाक मारली. मोठा, मोकळा आवाज, अंगणातून घरात मारावी तशी. मॅडम दचकल्या. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

बायकोचं तोंड उघडलं आणि लगेच तिने पदर तोंडावर दाबला. नियम होता ना. काकांनी पुन्हा हाक मारली. ती गप्प. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज खाली आला होता, प्रश्न विचारल्यासारखा.

मॅडमनी कॅमेरा थांबवला. "काकू, हे तुमचं नाव आहे?"

"नाय."

"मग घरात कुणाचं आहे? सुनेचं, नातीचं?"

"नाय. कोणी नाय आता."

मॅडमनी मान हलवली. मीही तिथेच होते. तो 'आता' माझ्याही कानावरून तसाच गेला.

ते गेल्यावर मॅडमनी मला समजावून सांगितलं. त्यांना अशी सवय होती. मी काही विचारायची नाही, पण त्या भांडी विसळताना जवळ उभ्या राहून सांगायच्या. "डोक्यात शब्द शेजारी शेजारी ठेवलेले असतात, मावशी. एक काढायला जावं तर दुसराच हाताला लागतो. त्यांना काकूंचं नाव काढायचंय आणि भलतंच निघतंय. आणि चुकीच्या शब्दाला उत्तर मिळालं ना, की चूकच पक्की होऊन बसते."

म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी बायकोला बाजूला बसवून सांगितलं, "काकू, थोडं कठीण आहे, पण तुम्हाला करावं लागेल. त्यांनी ते दुसरं नाव घेतलं तर तुम्ही ओ द्यायची नाही. इथेही नाही आणि घरीही नाही. वळायचंसुद्धा नाही. तुमचं खरं नाव घेतलं, निम्मं जरी घेतलं, तरच ओ द्यायची."

"घरी पण?"

"घरी तर जास्तच. इथे तुम्ही तासभर असता, घरी दिवसभर."

ती मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना बरं वाटंल का त्यानं?"

"एक शब्द पक्का झाला की दुसरे यायला लागतात, काकू. बऱ्याच जणांचं बघितलंय."

"मंग नाय देणार," ती म्हणाली.

पावसाळाभर ते चाललं. मॅडम कार्ड धरायच्या. आधी स्वतः ते नाव म्हणायच्या, मग काकांबरोबर, मग थांबून काकांना एकट्याला म्हणू द्यायच्या. काकांचा घाम निघायचा. ते नेटाने ओठ जुळवायचे आणि शेवटी मान वळवून बाकाकडे बघत जुनीच हाक मारायचे. मॅडम म्हणायच्या, "नाही काका. हे नाही." बाकावर बायको खाली बघत बसायची. ती कुठे बघते ते मला दिसायचं. निळ्या पट्टीकडे.

आमची ओळख झाली ती कपबशा धुण्याच्या नळापाशी. काकांची श्रवणाची तपासणी असली की त्यांना दुसऱ्या खोलीत नेत, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन पायरीवर बसायची. एकदा पिशवीभर कांदे घेऊन आली. "गावाकडचे हायेत. सातपूरच्या बाजारातले रडवत नायत, हे रडवतात." मग मी माहेरहून आलेली शेवंती तिला दिली. ती बोलायची, मी ऐकायची. मी बोलत नाही याचं तिला काहीच वाटायचं नाही. घरी सवय झालीय, म्हणायची.

एका दुपारी पाऊस थांबला होता. तिने विचारलं, "तुझा नवरा तुला काय हाक मारतो वं माय?"

"काही नाही. 'ऐकलं का' म्हणतात."

"ऐकलं का!" ती हसली. "मंग उद्या त्याची वाचा गेली, तर या मॅडम त्याला काय शिकवतील? आधार कार्डावरचं नाव. आन् तू म्हणशील, ही कोण बाई?"

मीही हसले. मग ती हातातला कप फिरवत राहिली. तळाशी उरलेला चहा गार झाला होता.

"माझंबी तेच हाय," ती म्हणाली. "ह्या मॅडम घोकून घेतात ना, ते नाव यांनी लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. त्याच्यानंतर एकदाबी तोंडातून काढलं नाय. आमच्यात बायकोला नावानं कुठं बोलावतात? मला त्या नावानं एक रेशनवाला बोलावतो."

मी नळ बंद केला.

"ते दुसरं जे नाव घेतात ना, ते माझ्या पोरीचं हाय. थोरल्या."

मग तिने सांगितलं. नवीन नवीन सातपूरला आले तेव्हा त्यांची वरच्या मजल्यावर एक खोली होती, लोखंडी जिना असलेली. काका पहिल्या पाळीवरून सुटले की खाली सायकल लावायचे आणि जिन्याखालून पोरीला हाक मारायचे. पोर "ओ" म्हणून दाराकडे धावायची. कडीला हात पुरायचा नाही, तरी धावायची. मग आई तिला उचलून धरायची आणि कडी पोरच काढायची. पाच वर्षांची होऊन ती तापाने गेली.

"तेरावं झालं आन् हे कामावर गेले," ती म्हणाली. "दुपारी खाली सायकलचा स्टँड वाजला आन् हाक आली. रोजच्यासारखीच. सवयीनं मारली, दुसरं काय. मी वर ओट्यापाशी उभी. खाली एकदम सगळं गप्प झालं. त्यांच्याबी ध्यानात आलं असंल. मला वाटलं, हा माणूस आता जिन्यात बसून राहील, वर येणारच नाय. मी म्हटलं, ओ."

तिने कप पायरीवर ठेवला. आत मॅडम काकांशी मोठ्याने काहीतरी बोलत होत्या, घंटी ऐकू आली की हात वर करा, असं.

"मग?" मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

"मंग काय. वर आले. मी पाणी दिलं. ते बोलले नाय, मी बोलले नाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. मी पुन्हा ओ दिली. मंग रोजच. मागून पोरगा झाला, खोली बदलली, आता स्वतःचं घर हाय, पण हाक तीच. पोराला वाटतं ते माझं लाडाचं नाव हाय. आम्ही सांगितलं नाय. आम्ही दोघांनीबी एकमेकांशी कधी तिचं काही काढलं नाय. फक्त ती हाक आन् माझी ओ."

माझ्या डोळ्यांसमोर ती बाकावर पदर दाबून बसलेली आली. मी म्हटलं, "घरीसुद्धा तुम्ही आता..."

"घरीबी नाय देत. हे खुर्चीत बसून हाका मारतात, मी ओट्याची कड धरून उभी राहते. एक, दोन, लय वेळा मारतात. मंग गप्प होतात. तोंड असं होतं, वं माय, पोराला बाजारात सोडून आई पुढं निघून गेल्यावर होतं ना, तसं."

"मी मॅडमना सांगते. त्या वाईट नाहीत. त्यांना माहीतच नाही."

तिने माझं मनगट धरलं. "नाय सांगायचं. काल ते 'पा' बोलले. पाण्याचा 'पा'. माझं काय, मी मेले तर सूनबाईला कसं बोलावणार हे? त्यांना शब्द यायला पाहिजेत. एका हाकेसाठी मी त्यांची वाचा अडवून धरू का? तुला तुझ्या पोरांची शपथ."

शपथ घातल्यावर मी काय बोलणार. शपथ नसती तरी कदाचित बोलले नसते. ती म्हणत होती ते खोटंही नव्हतं. काका खरंच सुधारत होते.

दिवाळीच्या थोडं आधी ते झालं. मॅडमनी कार्ड धरलं, काकांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं, मागे वळले नाहीत, आणि तिचं नाव घेतलं. तांदळात लिहिलेलं. जरा जड जीभ, पण पूर्ण. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "परत, काका, परत!" काकांनी परत म्हटलं. मोठ्या मॅडम शेजारच्या खोलीतून आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "काकू, ओ द्या ना! आता द्यायची!"

तिने ओ दिली, आणि रडायला लागली. मॅडमचे डोळेही भरून आले. "आनंदाने रडतायत," त्या मोठ्या मॅडमना म्हणाल्या. काका डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापा मारत हसत होते. इतके महिने मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसानंतर जुनं नाव त्यांच्या तोंडून गेलं. एकदम गेलं. मला वाटलं होतं दोन्ही राहतील, एक इथे, एक घरी. तसं होत नाही म्हणे. आणि मॅडमनी सांगितलं होतं तसे दुसरे शब्दही आले नाहीत. "पा" तिथेच राहिला. उलट झालं असं, की कपाचं कार्ड धरलं तरी काका बायकोचंच नाव घ्यायचे. बसचं धरलं तरी तेच. चप्पल, औषध, नातवाचा फोटो, सगळ्याला तेच. एकदा रुळलेला शब्द सगळीकडे पुढे येतो, असं मोठ्या मॅडम म्हणाल्या. लहान मॅडम दिवसेंदिवस बारीक होत चालल्या होत्या.

बायको मात्र जिना उतरताना मला म्हणाली, "सातबाऱ्यावर कधी चढलं नाय माझं नाव. आता बघ. कपावर चढलं, बसवर चढलं, चपलेवर चढलं." आणि इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

मग थंडी पडल्यावर एक दिवस ती नळापाशी आली आणि बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "तू तेव्हा म्हणत होतीस ना, मॅडमना सांगते. आता सांग. मला नाय जमणार. मी तोंड उघडलं की रडू येतं. त्यांना म्हण, अजून एक शब्द शिकवा. एकच. घर लय गप्प झालंय. हे हाक मारतात, पण ती माझ्या नावानं. पोरीला हाक कोण मारणार?"

मी त्या संध्याकाळी खोली पुसून झाल्यावर मॅडमना सांगितलं. त्या कॅमेरा पिशवीत भरत होत्या. मला नीट सांगता आलं नाही. आधी जिना आला, मग सायकल, मग पोर. मला वाटलं त्यांना काही कळणार नाही. त्यांना कळलं. त्यांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"मी विचारलं होतं ना त्यांना," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

"हो, तुम्ही विचारलं होतं."

"त्या म्हणाल्या, कुणी नाही."

"हो."

त्या पट्टी ओलांडून मागे गेल्या आणि बाकावर बसल्या, बायको बसायची त्याच जागी. मी फरशी पुन्हा एकदा पुसली.

संशोधनाचे शब्द ठरलेले असतात, मधे बदलता येत नाहीत. म्हणून शेवटचं रेकॉर्डिंग होईपर्यंत थांबावं लागलं. ते झालं त्या दिवशी मॅडमनी कॅमेरा बंद करून भिंतीकडे वळवून ठेवला. बायकोला म्हणाल्या, "काकू, आज तुम्ही पुढे या. माझ्या खुर्चीत बसा."

ती पट्टीपाशी येऊन क्षणभर थांबली. मग पदर आवरून पलीकडे आली आणि काकांच्या समोर बसली.

"मी करत होते तसंच करायचं," मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्ही एकट्या म्हणायचं. मग दोघांनी. मग त्यांनी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते नाव आजवर तिने माझ्यासमोर एकदाही घेतलं नव्हतं. सगळं सांगितलं, पण 'पोर' म्हणून, 'थोरली' म्हणून. घरात ते घ्यायचे काकाच.

तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा घेतलं. हळू, ताटावर झाकण ठेवावं तसं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या, ओठ पुढे आले. आणि ते स्वच्छ आवाजात बोलले, तिचं नाव. शिकवलेलं.

मॅडमच्या तोंडातून सवयीने शाब्बासमधला "शा" एवढाच निघाला. पुढचं त्यांनी गिळलं.

तिने पुन्हा पोरीचं नाव घेतलं, जरा मोठ्याने. त्यांनी पुन्हा तिचं घेतलं. दोघांनी बरोबर म्हणून बघितलं. दोन नावं एकमेकांवर आपटली. पुन्हा केलं. पुन्हा. मग काकांचा चेहरा बदलत गेला. आपण काहीतरी चुकतोय, हे त्यांना समजत होतं, पण काय ते समजत नव्हतं. जे बोललं की टाळ्या पडत होत्या, तेच ते बोलत होते, आणि समोर ती हसत नव्हती. त्यांचे डोळे भरले.

तिने त्यांचा हात धरला. "बरोबर हाय," ती म्हणाली. "बरोबर बोलले तुम्ही. माझंच नाव हाय ते. ओ. ओ दिली ना मी? ओ."

मॅडम बाहेर गेल्या. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मी दोघांना स्टॉपपर्यंत सोडायला गेले. एरवी मी फाटकातून परत फिरायची. काकांना स्टॉपच्या कट्ट्यावर बसवलं. ते रस्त्याकडे बघत होते, थकून गेलेले. ऊन उतरलं होतं. कॉलेजची मुलं मोबाइल बघत उभी होती.

तिने मला थोडं बाजूला ओढलं. "तू एकदा म्हण ना," ती म्हणाली.

"काय?"

"तिचं नाव. हाक मार. लय दिवस झाले दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून."

मी इकडे तिकडे पाहिलं. माणसं होती. मी तिच्या कानाशी होऊन ते नाव घेतलं.

"तसं नाय. मोठ्यानं. खालून वर मारल्यासारखं. मी तिकडं जाऊन उभी राहते."

ती खरंच गेली. स्टॉपच्या पलीकडे, कडुनिंबाच्या झाडाखाली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पदर नीट केला. मी कट्ट्यापाशी उभी होते. माझा घसा शाळेत व्हायचा तसा बंद झाला. पण तिची पाठ तशीच वाट बघत होती, आणि मी हाक मारली. मला येईल तेवढ्या मोठ्याने. दोन मुलांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली.

ती वळली नाही. मी पुन्हा मारली. मग ती परत माझ्याजवळ आली.

"नाय," ती म्हणाली. माझ्या गालाला तिने हात लावला. "तुझा काय दोष नाय. त्यो आवाज नाय."

सातपूरची बस आली. मी काकांना धरून दाराशी नेलं. कंडक्टरने वरून हात दिला. ते डाव्या हाताने दांडी धरून पायरीवर चढले, आणि तिथेच अडून उभे राहिले. मागे बायको दिसेना. ती माझ्या हातातून पिशवी घेत होती. त्यांनी मान वळवली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशी हाक मारली. तिच्या नावाने.

"चला आजी, बोलवतायत बघा," कंडक्टर म्हणाला.

"ओ," ती म्हणाली, "आले." आणि चढली.